प्रकाशाचे परिमाण : घरातील दिवे, डिमर आणि श्रावकाची यतना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने गेल्या पन्नास वर्षांतील आराधना, तपश्चर्या, दान आणि सेवा यांचे स्मरण या स्मरणिकेत जागोजागी झालेले आहे, आणि ते यथोचितच आहे. या व्याख्यानाचा विषय मात्र भिंतीवरील एका बटणाएवढा लहान आहे. घरातील दिव्यांचा प्रकाश कमी-अधिक करणारा डिमर आणि दिवे आपोआप लावणारी-मालवणारी यंत्रणा, जिला होम ऑटोमेशन म्हणतात, हा तो विषय होय.

धर्मसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर जुहूतील बदललेल्या घरांत आहे. जुहू-पार्ले स्कीममधील बंगल्यांच्या जागी एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या. जेथे एका खोलीत एक दिवा व एक ट्यूबलाईट पुरत असे, तेथे आता एकट्या दिवाणखान्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये दहा-बारा दिवे असतात. ते मोबाईलवरून लागतात, आवाजाने लागतात, माणूस नुसता आत आला तरी लागतात. दिवा लावण्याची क्रिया इतकी सहज झाली की ती क्रिया आहे, हेच ध्यानात येत नाही. आणि जी क्रिया ध्यानात येत नाही, तिची यतना होऊ शकत नाही. येथेच हा विषय धर्माच्या कक्षेत येतो.

व्रतांत दिव्याचे स्थान

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंड-विरमण हे एक गुणव्रत आहे. गृहस्थाला संसारासाठी आरंभ-समारंभ करावाच लागतो. परंतु ज्या आरंभाने कोणतेही प्रयोजन सिद्ध होत नाही, तो आरंभ अनर्थदंड होय. आचार्य समंतभद्र यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येमध्ये माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे आणि वनस्पती तोडणे या क्रिया निष्कारण करण्याचा समावेश होतो. माणूस नसलेल्या खोलीत जळणारे बारा दिवे या व्याख्येत नेमके बसतात.

श्वेतांबर परंपरेतील अनेक श्रावक रोज चौदा नियम धारतात. त्यांच्या जोडीने पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय, वायुकाय व वनस्पतिकाय यांचीही मर्यादा ठरविली जाते. तेउकायाची मर्यादा करताना आज इतक्या चुली आणि इतक्या दिव्यांची बटणे, असे मोजण्याची पद्धत घरोघरी रूढ आहे. होम ऑटोमेशनने या मोजणीपुढे एक नवीच अडचण उभी केली. पूर्वी एक बटण म्हणजे एक दिवा, असे सरळ गणित होते. आता ‘संध्याकाळ’ असे नाव दिलेले एकच बटण दाबले की दिवाणखान्यातील बारा, जेवणाच्या टेबलावरील तीन आणि बाल्कनीतील चार असे एकोणीस दिवे एकदम लागतात. मग नियमात एक मोजायचा की एकोणीस? बटण एक असले तरी आरंभ एकोणीस दिव्यांचा होतो. म्हणून मर्यादा बटणांची नव्हे, तर दिव्यांची धरावी, हेच नियमाच्या हेतूशी सुसंगत ठरेल. ज्या घरात यंत्रणा बसलेली आहे, तेथे प्रत्येक बटणामागे किती दिवे आहेत हे घरातील सर्वांना ठाऊक असणे, ही यतनेची पहिली पायरी होय.

वीज सचित्त की अचित्त, याविषयी जैन परंपरेत मतभेद आहेत. तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ (१९२०–२०१०) यांनी वीज अचित्त असल्याची मांडणी केली. मूर्तिपूजक आणि स्थानकवासी परंपरांतील अनेक आचार्य विजेच्या दिव्याला सचित्त तेउकायच मानतात. हा निर्णय गुरुभगवंतांच्या अधिकारातील आहे. त्यात व्याख्यानाने शिरण्याचे कारण नाही. तथापि एका गोष्टीवर दोन्ही पक्ष एकमत आहेत. दिव्याकडे ओढले जाणारे पतंग आणि पाखरे हे चतुरिंद्रिय जीव आहेत, आणि त्यांच्या विराधनेविषयी कोणाचाही मतभेद नाही.

चातुर्मासात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. पावसाच्या सरीनंतर उघड्या खिडकीजवळचा प्रखर दिवा म्हणजे शेकडो जीवांना दिलेले आमंत्रण! बहुतेक कीटकांना जांभळा, निळा आणि त्याही पलीकडचा, माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाश अधिक ओढून घेतो. पिवळसर, उबदार छटेचा प्रकाश त्या मानाने कमी ओढतो. एलईडी दिव्यातून अतिनील किरण जवळजवळ निघत नाहीत, ही जमेची बाजू. पण शुभ्र पांढऱ्या एलईडीत निळा अंश बराच असतो. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा आणि २७०० म्हणजे पिवळसर प्रकाश. बाल्कनी, गच्ची आणि खिडकीलगतच्या जागी २७०० केल्व्हिनचे दिवे लावावेत, ते डिमरवर मंद ठेवावेत आणि दिवेलागणीलाच पडदे ओढावेत. एवढ्या तीन गोष्टींनी पावसाळ्यातील विराधना पुष्कळ कमी होईल.

डिमर : रंगभूमीपासून घरापर्यंत

डिमरचे मूळ घर म्हणजे नाट्यगृह. पडदा वर जाण्याआधी प्रेक्षागृहातील दिवे हळूहळू मंदावतात, हे दृश्य जुहूकरांना अपरिचित नाही. १९७८ साली सुरू झालेले पृथ्वी थिएटर येथलेच. आरंभीच्या काळात दिव्याच्या वाटेत विरोधक तार घालून त्याचा प्रकाश कमी करीत. काही नाट्यगृहांत तर मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत धातूच्या पट्ट्या खाली-वर करून प्रकाश नियंत्रित केला जाई. या पद्धतीत दिव्याला न दिलेली वीज वाचत नसे. ती उष्णतेच्या रूपाने वाया जाई. पंख्याचा जुना, मोठ्या खोक्याचा रेग्युलेटर याच जातीचा. पंखा मंद केला की तो तापत असे, हे ज्येष्ठांना आठवत असेल.

पुढे सिलिकॉनची उपकरणे आली. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी घरगुती भिंतीवरील खोक्यात मावेल असा इलेक्ट्रॉनिक डिमर तयार केला आणि १९६१ साली ल्यूट्रॉन ही कंपनी स्थापन केली. त्यामागील तत्त्व समजण्यास सोपे आहे. आपल्याकडील वीजपुरवठा २३० व्होल्टचा आणि सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो. प्रत्येक आवर्तनाच्या दोन लाटा, म्हणजे सेकंदाला शंभर लाटा झाल्या. डिमर प्रत्येक लाटेचा काही भाग दिव्यापर्यंत पोहोचू देतो आणि उरलेल्या वेळी वाट बंद ठेवतो. हे इतक्या वेगाने घडते की डोळ्याला तुटकपणा न दिसता केवळ मंदपणा दिसतो. न दिलेली वीज येथे तापून वाया जात नाही. ती घेतलीच जात नाही. यतनेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

जुहूसह पश्चिम उपनगरांना वीज देण्याचा इतिहासही याच काळाला समांतर चालला आहे. १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लायने, म्हणजे बीएसईएसने, उपनगरांत वीज नेली. पुढे ती रिलायन्सकडे आणि २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आली. कंपन्यांची नावे बदलली, दिवे बदलले. बिल भरणाऱ्या श्रावकाची जबाबदारी मात्र तीच राहिली.

तंतूचा दिवा आणि एलईडी

तंतूचा पिवळा दिवा डिमरवर उत्तम चाले, पण त्यात बचत अपेक्षेपेक्षा कमी होई. ६० वॅटच्या दिव्याचा प्रकाश निम्मा केला तरी तो सुमारे ४३ वॅट वीज घेतच राही. कारण तंतू थोडा थंड झाला की त्याची प्रकाश देण्याची क्षमता झपाट्याने घटते. एलईडीचे तसे नाही. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एलईडी दिव्यांची योजना सुरू केली, तीच पुढे उजाला म्हणून ओळखली गेली. आणि ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा दिवा घरोघरी आला. एलईडीचा प्रकाश निम्मा केला की विजेचा खर्चही जवळजवळ निम्मा होतो.

येथे डोळ्याचे एक गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. डोळ्याची बाहुली अंधारात मोठी होते आणि दृष्टी मंद प्रकाशाशी जुळवून घेते. त्यामुळे प्रत्यक्ष प्रकाश चौथाई केला तरी डोळ्याला तो सुमारे निम्मा वाटतो. आणि एक दशांश केला तरी सुमारे एक तृतीयांश वाटतो. याचा अर्थ असा की, निम्म्या उजेडात समाधान मानणारा माणूस वास्तविक चौथ्या हिश्श्यातच भागवीत असतो. निसर्गानेच डोळ्यात अल्पसंतोषाची ही सोय करून ठेवलेली आहे!

मात्र प्रत्येक एलईडी डिमरवर चालत नाही. बाजारातील स्वस्त दिवे बहुधा डिमरसाठी बनविलेले नसतात. ते डिमरवर लावले तर लुकलुकतात, गुणगुणतात किंवा लवकर निकामी होतात. खोक्यावर ‘डिमेबल’ असे स्पष्ट लिहिले आहे ना, ते पाहूनच खरेदी करावी. डिमरही दोन जातींचे असतात. लाटेचा पुढचा भाग कापणारे डिमर तंतूच्या दिव्यांसाठी बनले होते. मागचा भाग कापणारे डिमर एलईडीशी अधिक जुळतात. जुन्या डिमरला चालण्यासाठी किमान ४०-६० वॅटचा भार लागे. एकच ९ वॅटचा दिवा त्यावर लावला की तो थरथरतो, कधी बंद केल्यावरही अंधुक चमकत राहतो. तसेच डिमरवर छापलेला वॅटचा आकडा बहुधा तंतूच्या दिव्यांचा असतो. एलईडीसाठीचा आकडा त्याहून पुष्कळ कमी असतो. पंख्यासाठी दिव्याचा डिमर किंवा दिव्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर कधीही वापरू नये.

जागे यंत्र आणि त्याची भूक

ऑटोमेशनमुळे वीज वाचते, असे विक्रेते सांगतात. हे विधान अर्धसत्य आहे, आणि अणुव्रतधारी श्रावकाने अर्धसत्याचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

मोबाईलवरून चालणारा डिमर हुकूम ऐकण्यासाठी रात्रंदिवस जागा असतो. या जागरणासाठी त्याला साधारण अर्धा ते एक वॅट वीज लागते. एक वॅट धरला तर एका डिमरचा वर्षाचा खर्च पावणेनऊ युनिट होतो. आता स्नानगृहातील ९ वॅटचा एक दिवा पाहू. तो रोज अर्धा तास लागत असेल, तर वर्षभरात जेमतेम पावणेदोन युनिट वीज घेतो. तो दिवा शहाणा करण्यासाठी बसविलेले यंत्र त्या दिव्याच्या पाचपट वीज खाते! येथे साधे बटण आणि दिवा मालविण्याची सवय, हाच श्रेष्ठ उपाय.

याउलट दिवाणखान्याच्या छतातील ९ वॅटचे बारा दिवे घ्यावेत. एकत्रित १०८ वॅट. ते रोज पाच तास पूर्ण तेजाने लागले तर वर्षाला सुमारे १९७ युनिट होतात. हे सर्व एका डिमरवर घेऊन प्रकाश चौथाईवर आणला, तर दिव्यांच्या आतील यंत्रणेचा थोडा अपव्यय धरूनही खर्च साधारण एक तृतीयांशाच्या आत राहतो. म्हणजे वर्षाला १३० युनिटच्या आसपास बचत होते, आणि यंत्राची स्वतःची भूक पावणेनऊ युनिट. येथे डिमर सार्थ ठरतो.

निष्कर्ष उघड आहे. जेथे अनेक दिवे एकत्र, रोज आणि दीर्घकाळ लागतात तेथेच डिमर लावावा. प्रत्येक कोपऱ्यातील प्रत्येक दिवा यंत्राला जोडणे हा परिग्रहच होय. फक्त तो भिंतीच्या आत दडलेला असल्यामुळे दिसत नाही.

कोठे मंद, कोठे पूर्ण

कमी प्रकाश म्हणजे नेहमीच कमी हिंसा, असा समज करून घेऊ नये. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, खाणे आणि बोलणे या सर्व क्रिया यतनापूर्वक करण्याचा उपदेश आहे. यतनेसाठी दिसणे आवश्यक आहे. धान्य निवडताना, भाजी चिरताना, पाणी गाळताना प्रकाश पूर्ण हवा. मंद उजेडात तांदळातील किडा दिसला नाही, तर वाचविलेल्या दोन-चार वॅटचा काय उपयोग? ओट्यावरचा दिवा म्हणून डिमरवर न ठेवता स्वतंत्र बटणावर ठेवावा. जिन्यात आणि वाटेत जमीन दिसेल एवढा उजेड असावाच. ईर्यासमितीची ती गरज आहे.

ज्येष्ठांचा विचार तर आवर्जून करावा. वयोमानानुसार बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होते. विशीतील माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतील माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. नातवाला पुरेसा वाटणारा उजेड आजोबांना अंधारच असतो. स्वाध्यायासाठी आजोबांच्या खुर्चीशेजारी एक स्वतंत्र, प्रखर आणि जवळचा दिवा द्यावा, आणि खोलीतील बाकीचे दिवे मंद ठेवावेत. एक दिवा जवळ असला की बारा दूरच्या दिव्यांची गरज राहत नाही. रात्री स्नानगृहाकडे जाण्याच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा असावा. पडून होणारी दुखापत टळते आणि झोपही मोडत नाही.

देवघराविषयी स्वतंत्र सांगावयास नको. अनेक देरासरांच्या गाभाऱ्यात विजेचा दिवा न ठेवता तुपाचाच दीप ठेवतात. घरदेरासरातही प्रखर दिव्यांची आरास करण्यापेक्षा ही मर्यादा पाळणे अधिक शोभादायक आहे.

सूर्यास्ताचा संकेत

ऑटोमेशनचा धर्माशी सर्वांत जवळचा उपयोग चौविहारात आहे. जुहूच्या किनाऱ्यावरून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. पण इमारतीच्या पूर्वेकडील घरात, कामाच्या गडबडीत, तो कधी बुडाला हे कळत नाही. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जूनअखेरीस तो सातच्या पुढे वीस मिनिटांपर्यंत जातो. वर्षभर एकाच वेळेवर लावलेला गजर त्यामुळे निरुपयोगी ठरतो.

होम ऑटोमेशनमध्ये स्थळाचे अक्षांश-रेखांश दिले की त्या त्या दिवसाचा सूर्योदय-सूर्यास्त यंत्र स्वतः काढते. जुहूसाठी ते आकडे सुमारे १९.१ अंश उत्तर आणि ७२.८ अंश पूर्व असे आहेत. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी, जेवणाच्या टेबलावरील दिवा एकदा मंदावून पुन्हा पूर्ववत होईल अशी व्यवस्था करता येते. कर्कश घंटेपेक्षा हा संकेत सौम्य आहे आणि घरातील सर्वांना एकाच वेळी कळतो. सकाळी नवकारशीसाठी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी असाच संकेत ठेवता येईल.

मात्र एक सावधगिरी अवश्य घ्यावी. यंत्रात स्थळ म्हणून दिल्ली किंवा परदेशातील एखादे शहर राहून गेले, तर सगळे गणित चुकते. नोव्हेंबरअखेरीस दिल्लीचा सूर्यास्त मुंबईपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी होतो. स्थळ तपासून घ्यावे, आणि महिन्यातून एकदा संघाच्या पंचांगाशी वेळ ताडून पाहावी. पंचांग आणि यंत्र यांत फरक पडला तर पंचांग प्रमाण मानावे.

सामायिक आणि यंत्राला दिलेला हुकूम

सर्वांत सूक्ष्म प्रश्न येथे उपस्थित होतो. सामायिक ४८ मिनिटांचे. त्यात श्रावक सावद्य योगाचा त्याग दोन करण आणि तीन योगांनी करतो. म्हणजे स्वतः करणार नाही व दुसऱ्याकडून करविणार नाही, मनाने, वचनाने आणि कायेने. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत तर सामायिक-प्रतिक्रमणात अंगावर दिव्याचा प्रकाश पडणे हाही दोष मानला जातो. त्याला उजेही म्हणतात.

आता सामायिकात बसलेल्या श्रावकाने बटणाला हात लावला नाही, पण आवाजावर चालणाऱ्या यंत्राला “दिवा मंद कर” असे सांगितले, तर? काया हलली नाही, परंतु वचनयोग घडला. यंत्र नोकर नाही, जीवही नाही. तरी त्याच्याकरवी करविलेला आरंभ करविणाऱ्याचाच होय. मोबाईलच्या पडद्यावरील एक स्पर्श तर सरळ काययोग आहे. आणि “बरे झाले, दिवा आपोआप मालवला,” असे मनात येणे, हा तिसऱ्या योगाचा प्रश्न! यंत्र जितके सोपे, तितकी सावधानता कठीण, ती अशी.

यावर उपाय एकच. व्रत उच्चारण्यापूर्वीच दिव्यांची स्थिती ठरवून घ्यावी, आणि त्या ४८ मिनिटांत त्या खोलीतील कोणताही दिवा आपोआप बदलणार नाही असे यंत्राला आधीच सांगून ठेवावे. आवाज ऐकणारे उपकरण त्या वेळेपुरते बंद करावे. वेळेवर आपोआप लागणारा दिवा सामायिकापूर्वी ठरविलेला असला, तरी त्याचे प्रयोजन सामायिकाच्या काळात साधले जाते. तो चालेल की नाही, हे आपापल्या गुरुभगवंतांना विचारूनच ठरवावे.

साधु-साध्वी आणि हालचाल ओळखणारे दिवे

इमारतींच्या जिन्यांत व लॉबीत माणसाची चाहूल लागताच पेटणारे दिवे आले आहेत. वीज वाचविण्यासाठी ते उपयुक्त आहेत. परंतु गोचरीसाठी येणाऱ्या साधु-साध्वींसमोर ते धर्मसंकट उभे करतात. जे विजेला स्पर्श करीत नाहीत, दुसऱ्याकडून दिवा लावून घेत नाहीत, त्यांच्या केवळ पावलाने दिवा पेटतो. चातुर्मासात हे दिवसातून अनेकदा घडते. ज्या परंपरा विजेला तेउकाय मानतात, त्यांच्यासाठी ही क्षुल्लक बाब नाही. गोचरी वहोरावताना गृहस्थाने दिव्याचे बटण दाबले, तर वस्तू असूझती होते, हे घराघरांत माहीत आहे. तेच जिन्यात यंत्राकडून घडते.

यावर मार्ग आहे, आणि तो सोसायटीच्या एका बैठकीत काढता येतो. अशा बहुतेक यंत्रांत सभोवतालचा उजेड मोजणारी एक लहान खुंटी असते. ती योग्य ठेवली तर दिवसा पुरेसा उजेड असताना दिवा पेटतच नाही. जेथे जिना दिवसाही अंधारा असतो, तेथे गोचरीच्या वेळेपुरते चाहुलीचे यंत्र बंद ठेवून त्या जागी एक दिवा डिमरवर मंद आणि स्थिर ठेवावा. सोसायटीत इतर धर्मांचे रहिवासी असतात. त्यांना न दुखावता, विजेचा व सुरक्षेचा हिशेब समोर ठेवून ही सूचना मांडली, तर नकार येण्याचे कारण नाही. कोणती व्यवस्था कल्पते, हे मात्र आधी साधु-साध्वीजी महाराजांना विचारून घ्यावे.

समुद्राची हवा आणि सुरक्षा

जुहूच्या हवेत मीठ आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत विजेच्या जोडांवर गंज चढतो, पकड सैल होते आणि सैल जोड तापतो. डिमर स्वतःही थोडा तापतो; एका खोक्यात तीन-चार डिमर दाटीने बसविले तर प्रत्येकाची क्षमता कमी धरावी लागते. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घरात असावे, आणि त्याचे चाचणीचे बटण नियमितपणे दाबून पाहावे. डिमर शून्यावर आणला म्हणजे वीज तुटली, असे मुळीच समजू नये. दिवा बदलताना एमसीबी खाली पाडावा.

जुन्या इमारतींत शहाणे डिमर बसविताना बटणाच्या खोक्यात न्यूट्रल तार आहे का, हे पाहावे लागते. ज्या बोर्डावर प्लगचे सॉकेट आहे, तेथे ती असतेच. नवे घर बांधताना किंवा फॉल्स सीलिंग उघडलेले असताना तारांची व्यवस्था आधीच करून ठेवली, तर पुढे भिंती फोडाव्या लागत नाहीत. यंत्रणा कोणतीही असो, प्रत्येक खोलीत हाताने चालणारे एक साधे बटण राहिलेच पाहिजे. इंटरनेट बंद पडल्यावर आजीला अंधारात बसावे लागू नये.

समारोप

प्रकाशाला परिमाण देता येते, हीच डिमरची खरी शिकवण. पूर्वी दिव्याला दोनच अवस्था होत्या, लागलेला आणि मालवलेला. आता त्या दोहोंमध्ये किती हवा, हे ठरविता येते. ‘किती हवा’ हा प्रश्न अपरिग्रहाचा आहे. परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावक धनाला, धान्याला, वास्तूला मर्यादा घालतो. त्या यादीत प्रकाशाची भर पडावयास हरकत नाही.

पण हे परिमाण यंत्र ठरवू शकत नाही. यंत्र सांगितलेले करते. किती सांगावयाचे, हा विवेक माणसाचा. खोली सोडताना दिवा मालविणारा हात ज्या घरात आहे, त्या घराला डिमर साहाय्यक ठरेल. तो हात ज्या घरात नाही, तेथे कितीही महाग यंत्रणा बसविली तरी अनर्थदंड टळणार नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी संघातील प्रत्येक कुटुंबाने एक लहान नियम घ्यावा. रोज रात्री एकदा घरातील जळते दिवे मोजावेत, आणि त्यांपैकी किती दिव्यांच्या उजेडात प्रत्यक्ष कोणी बसले आहे, तेही मोजावे. दोन आकड्यांतील अंतर म्हणजे त्या दिवसाचा अनर्थदंड. ते अंतर दिवसेंदिवस कमी होत जावो, ही शासनदेवांच्या चरणी प्रार्थना.

अस्तु. जय जिनेंद्र!